नाण्याचे मोल : अमेरिकेचा चांदीचा डॉलर



आपण मराठीत रोज वापरतो तो ‘सराफ’ हा शब्द मुळात अरबी आहे. ‘शिक्का’ हा शब्दही अरबी ‘सिक्का’वरूनच आपल्याकडे आला. नाणे पाडणे आणि नाणे पारखणे या दोन्ही विद्यांशी इस्लामी जगताचा किती जुना संबंध आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. उमय्या खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ साली नाण्यांची सुधारणा हाती घेतली. पुढे हिजरी ७९ पासून, म्हणजे इ. स. ६९८ पासून, चांदीच्या दिरहमवर टांकसाळीच्या गावाचे नाव आणि नाणे पाडल्याचे साल नियमाने कोरले जाऊ लागले. आज तेराशे वर्षांनी एखादा अभ्यासक तो दिरहम हातात घेतो तेव्हा प्रथम दोनच गोष्टी पाहतो : गाव कोणते आणि साल कोणते?

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दिरहम नसून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेची चांदीची नाणी हा आहे. हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असे काहींना वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेक घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर, आफ्रिकेत, अरबस्तानात नोकरी-व्यापारासाठी गेलेली आहेत. जुन्या पेटीत, बटव्यात, आजीच्या गाठोड्यात परदेशी नाणे निघणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. असे नाणे निघाले की आपण काय करतो? सराफाच्या तागडीत टाकतो, चांदीचे पैसे घेतो आणि मोकळे होतो. चांदीची किंमत वजनावर ठरते हे खरे. परंतु नाण्याचे मोल ज्ञानावर ठरते, आणि ते ज्ञान नसेल तर नुकसान आपलेच होते. शिवाय या डॉलरच्या इतिहासाचा धागा एकदा मस्कतच्या सुलतानाच्या दरबारात आणि एकदा मुंबईच्या टांकसाळीत येऊन पोहोचतो. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

डॉलरचा जन्म

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिचे स्वतःचे नाणे नव्हते. बाजारात मुख्यतः स्पेनच्या सत्तेखालील मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील टांकसाळींची मोठी चांदीची नाणी चालत. हाच स्पॅनिश डॉलर. २ एप्रिल १७९२ रोजी अमेरिकेत नाण्यांचा कायदा झाला आणि फिलाडेल्फिया शहरी टांकसाळ उभी राहिली. कायद्याने डॉलरचे वजन ४१६ ग्रेन ठरविले व त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन असावी असे सांगितले. हा ३७१.२५ चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो आपल्याला मुंबईत पुन्हा भेटणार आहे.

पहिले चांदीचे डॉलर १७९४ साली पाडले गेले. त्यांची संख्या होती अवघी १,७५८. यांपैकी अत्यंत उत्तम स्थितीतील एक नाणे २०१३ साली लिलावात एक कोटी डॉलरहून थोड्या अधिक किमतीला विकले गेले. त्यात चांदी किती? सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन तोळे!

देशी डॉलर निघाले तरी परदेशी नाणी बंद झाली नाहीत. स्पॅनिश व मेक्सिकन डॉलर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. उलट अमेरिकेचे नवे डॉलरच व्यापाराच्या वाटेने देशाबाहेर जाऊ लागले. त्यामुळे १८०४ नंतर सरकारने चांदीचे डॉलर पाडणे थांबविले आणि पुढील तीस वर्षे टांकसाळ अर्धा डॉलर व त्याखालील नाण्यांवरच काम चालवीत राहिली. येथूनच एका प्रसिद्ध नाण्याची कथा सुरू होते.

मस्कतच्या सुलतानाची भेट

त्या काळी मस्कतचे राज्यकर्ते सय्यद सईद बिन सुलतान होते. ओमानपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबारपर्यंत त्यांची सत्ता व गलबते पसरलेली होती. मुंबईशी त्यांचा व्यापार मोठा होता. त्यांचे ‘सुलताना’ हे जहाज १८३३ साली मुंबईतच बांधले गेले होते. हेच जहाज १८४० साली अहमद बिन नुअमान या त्यांच्या वकिलाला घेऊन थेट न्यूयॉर्क बंदराला लागले.

सय्यद सईद यांच्याशी व्यापारी तह करावा म्हणून अमेरिकेने एडमंड रॉबर्ट्स यांना पाठविले आणि सप्टेंबर १८३३ मध्ये तहावर सह्या झाल्या. तह पक्का करण्यासाठी रॉबर्ट्स दुसऱ्यांदा निघाले तेव्हा सुलतानासाठी आणि सयामच्या राजासाठी नजराणा न्यावयाचा होता. नोव्हेंबर १८३४ मध्ये परराष्ट्र खात्याने टांकसाळीला हुकूम दिला, की देशात चालणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या नाण्याचा एकेक सुबक नमुना घालून संच तयार करावेत.

टांकसाळीपुढे प्रश्न पडला. चांदीचा डॉलर तर तीस वर्षांत पाडलेला नाही, मग त्यावर साल कोणते घालावे? दप्तर काढून पाहिले, तर शेवटचे डॉलर १८०४ साली पाडल्याची नोंद मिळाली. म्हणून नव्या ठशावर १८०४ हे साल कोरले गेले. वास्तविक १८०४ साली जे १९,५७० डॉलर पाडले गेले होते, त्यांवर आधीच्या वर्षांची सालेच होती, कारण तेव्हा जुने ठसे झिजेपर्यंत वापरण्याची रीत होती. अशा रीतीने, जे नाणे १८०४ साली कधी अस्तित्वात आलेच नाही, ते १८३४ साली जन्माला आले.

रॉबर्ट्स यांनी १८३५ साली मस्कतच्या सुलतानाला व १८३६ साली सयामच्या राजाला हे संच भेट दिले. त्याच वर्षी जून महिन्यात मकाव येथे त्यांचा मृत्यू झाला. पुढे टांकसाळीतल्याच काही मंडळींनी याच सालाची आणखी काही नाणी गुपचूप पाडली. आज जगात १८०४ सालाचे मोजकेच डॉलर ज्ञात आहेत. त्यांपैकी आठ पहिल्या प्रतीचे म्हणजे भेटीच्या वेळचे आणि बाकीचे नंतरचे होत.

कित्येक वर्षे अमेरिकेतील संग्राहक वाद घालीत राहिले. हे नाणे खरोखर १८०४ चे, असे काही म्हणत. काही म्हणत, हे मागाहूनचे. हा वाद कशाने मिटला? कागदपत्रांनी, आणि सयामच्या राजाला दिलेल्या संचाने. हा संच १९६२ साली उजेडात आला. त्यात १८०४ चा डॉलर १८३४ सालच्या इतर नाण्यांच्या शेजारी आपल्या खणात बसलेला होता. त्याच वर्षी या विषयावरील संशोधनाचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

मस्कतला गेलेले म्हणून जे नाणे मानले जाते, ते पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत परतले. १९९९ साली ते ४१ लाख ४० हजार डॉलरला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला विकले गेले. वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. या नाण्यावरचे साल खोटे आहे, तरीही नाणे खरे आहे. कारण ते सरकारी टांकसाळीत, सरकारी हुकमाने पाडले गेले आणि त्या हुकमाचे कागद कोणीतरी जपून ठेवले. किमतीमागे चांदी नाही, तो लेखी पुरावा आहे.

वजनाचा खेळ

१८३७ च्या कायद्याने डॉलरचे वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे २६.७३ ग्रॅम झाले. शुद्ध चांदी मात्र तीच, ३७१.२५ ग्रेन राहिली. फक्त मिश्रण बदलून हजारात नऊशे असे सोपे प्रमाण ठरविण्यात आले. १८४० पासून बसलेल्या स्वातंत्र्यदेवीचे चित्र असलेले डॉलर नियमित निघू लागले आणि ते १८७३ पर्यंत चालले.

मध्यंतरी कॅलिफोर्नियात सोने सापडले. सोने विपुल झाले आणि त्याच्या मानाने चांदी महाग झाली. अर्ध्या डॉलरच्या नाण्यातील चांदी अर्ध्या डॉलरहून अधिक मोलाची ठरू लागली. साहजिकच लोक नाणी वितळवू लागले, परदेशी पाठवू लागले आणि बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. तेव्हा १८५३ च्या कायद्याने अर्ध्या डॉलरचे वजन २०६.२५ ग्रेनवरून १९२ ग्रेनवर आणले आणि त्याखालील नाणीही त्याच प्रमाणात हलकी केली. नवे हलके नाणे लोकांना ओळखता यावे म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणाची दोन टोके कोरली गेली. तुमच्या हाती १८५३ ते १८५५ या सालांचा अर्धा किंवा पाव डॉलर आला, तर ही टोके अवश्य पाहा. वजन कमी करूनही ते झाकून ठेवले नाही, उलट नाण्यावरच खूण केली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरह आहे, हे आपण सर्व जाणतोच. व्यवहारात बदल होणे वेगळे आणि तो लपविणे वेगळे.

पुढे १८५९ नंतर नेवाडा प्रांतात चांदीच्या प्रचंड खाणी लागल्या व पारडे उलटे फिरले. चांदी स्वस्त होऊ लागली. १८७३ च्या कायद्याने नेहमीचा चांदीचा डॉलर बंद करण्यात आला आणि चीनशी होणाऱ्या व्यापारासाठी ४२० ग्रेन वजनाचा एक जड ‘व्यापारी डॉलर’ काढण्यात आला. त्यावर वजन आणि कस ही दोन्ही इंग्रजीत कोरलेली असतात. चीनमधील सराफ असे नाणे पारखले की त्यावर आपल्या पेढीची बारीक छाप ठोकीत. एकेका डॉलरवर अशा अनेक छापा आढळतात. पूर्वी संग्राहक अशा नाण्यांना खराब समजत. अलीकडे मात्र त्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो, कारण प्रत्येक छाप हा त्या नाण्याच्या प्रवासाचा दाखला आहे.

मॉर्गन डॉलर

नेहमीचा डॉलर बंद झाल्याने खाणमालक आणि कर्जबाजारी शेतकरी संतापले. त्यांनी या कायद्याला ‘त्र्याहत्तरचा गुन्हा’ असे नाव दिले. अखेर फेब्रुवारी १८७८ मध्ये नवा कायदा झाला. सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घ्यावी व तिचे डॉलर पाडावेत, असे त्याने ठरविले. या नव्या डॉलरचे चित्र जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने कोरले, म्हणून त्यास मॉर्गन डॉलर म्हणतात. हा डॉलर १८७८ ते १९०४ व पुन्हा १९२१ साली चलनासाठी पाडला गेला. आज जगात सर्वांत अधिक जमविला जाणारा अमेरिकी चांदीचा डॉलर हाच होय.

गंमत अशी की, एवढे डॉलर पाडूनही लोकांना ते नको होते. खिशात जड, मोजायला कटकटीचे! लोक चांदीच्या तारणावर निघालेल्या कागदी नोटा वापरीत आणि डॉलर एकेक हजाराच्या पिशव्यांत सरकारी तिजोरीत पडून राहत. १८९० साली चांदीची खरेदी आणखी वाढविण्यात आली. परंतु २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने भारतातील टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन मुंबईच्या टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. जगातील चांदीचे एवढे मोठे गिऱ्हाईक कमी होताच भाव आणखी कोसळला. अमेरिकेत त्या वर्षी आर्थिक संकट चालूच होते. वर्षअखेर अमेरिकेनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबविली. याच १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत अवघे १ लाख डॉलर पडले, आणि आज ते मॉर्गन डॉलरमधील अत्यंत दुर्मिळ नाण्यांत गणले जातात.

डॉलरचे रुपये झाले

आता त्या ३७१.२५ ग्रेनकडे वळू. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा असे. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १६५ ग्रेन. विद्यार्थी मित्रहो, ३७१.२५ ला १६५ ने भागून पाहा. उत्तर बरोबर २.२५ येते. एका अमेरिकी डॉलरच्या चांदीत आपले बरोबर सव्वादोन रुपये!

हा हिशेब नुसता पाटीवरचा राहिला नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून माल व सैन्य मोठ्या प्रमाणावर बाहेर जात होते आणि त्याचे पैसे येथे रुपयांत चुकते करावे लागत. लोकांचा विश्वास नोटेवर नव्हता, चांदीच्या रुपयावर होता. नोट घेऊन सरकारी कचेरीत गेल्यास रुपये मोजून देणे सरकारला बंधनकारक होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली, तरी रुपयाची मागणी हटेना. १९१८ च्या वसंतात सरकारजवळील रुपयांचा साठा संपत आला. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेपुढे हात पसरला. २३ एप्रिल १९१८ रोजी नेवाडाचे सिनेटर पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमेरिकेत संमत झाला आणि तिजोरीत पडून असलेले डॉलर वितळविण्यास परवानगी मिळाली.

या कायद्याखाली एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकण्यात आली. सव्वादोनने गुणले तर ही सुमारे ५८ कोटी रुपयांची चांदी होते. ती जहाजांनी भारतात आली आणि मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत पंचम जॉर्जच्या छापाचे रुपये होऊन बाहेर पडली. ते रुपये जवानांच्या घरी गेले, कापसाच्या बाजारात गेले, लग्नात मेहेरच्या रकमेत मोजले गेले आणि मडक्यांत पुरले गेले. आपल्या घरी १९१८ चा रुपया असेल तर तो काढून पाहा. मुंबईत पाडलेल्या रुपयावर मागील बाजूस खालच्या फुलाजवळ एक बारीक टिंब असते. कलकत्त्याच्या रुपयावर ते नसते. तो रुपया कदाचित एके काळी मॉर्गन डॉलर असेल.

या घटनेचा अमेरिकी संग्राहकांवर मोठा परिणाम झाला. कोणत्या सालाचे व कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर वितळले, याची नोंदच ठेवली गेली नव्हती. म्हणून टांकसाळीच्या दप्तरात लाखोंनी पाडल्याची नोंद असलेले एखादे नाणे आज शोधूनही सापडत नाही.

मोल कसे ठरते?

एवढा इतिहास समजल्यावर नाण्याचे मोल ठरविण्याचे नियम सोपे होतात. 

पहिला नियम चांदीचा. मॉर्गन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने जी रक्कम येईल, ती नाण्याची तळाची किंमत होय. चांगल्या नाण्याला यापेक्षा कमी घेऊ नये. 

दुसरा नियम साल व टांकसाळ यांचा. मॉर्गन डॉलरच्या मागील बाजूस गरुडाखालच्या पानांच्या तोरणाखाली बारीक इंग्रजी अक्षर पाहा. ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ असेल तर न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ असेल तर कार्सन सिटी. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. १९२१ च्या काही नाण्यांवर डेन्व्हरचे ‘डी’ असते. एकाच सालाची दोन नाणी शेजारी ठेवली, तर या एका अक्षरामुळे किमतीत शंभरपट फरक पडू शकतो. 

तिसरा नियम असा, की किती पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचे. १८८४ साली कार्सन सिटीत ११,३६,००० डॉलर पाडले. हा आकडा फार मोठा नव्हे. परंतु त्यांतील साडेनऊ लाखांहून अधिक नाणी कोरी करकरीत स्थितीत सरकारी तिजोरीतच सापडली आणि १९७२ नंतर विकली गेली. म्हणून कोऱ्या स्थितीतही ते नाणे सहज मिळते. याउलट न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर! कोऱ्या स्थितीतील या नाण्याची किंमत १९६२ पूर्वी सुमारे पंधराशे डॉलरपर्यंत चढली होती. त्या वर्षाअखेर तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या निघाल्या आणि किंमत एका रात्रीत कोसळली. ज्यांनी त्यावर सारी पुंजी लावली होती, त्यांचे काय झाले असेल? सबब नाणी ही झटपट श्रीमंतीची वाट समजू नये. मुलाची फी थकवून किंवा कर्ज काढून तर कोणी नाणे घेऊच नये. 

चौथा नियम स्थितीचा. संग्राहक नाण्याला १ ते ७० असे गुण देतात. १९८६ नंतर अमेरिकेत नाणी तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देणाऱ्या संस्था निघाल्या. महाग नाणे अशा डबीतलेच घेणे शहाणपणाचे. तथापि आता डब्याही बनावट निघतात, तेव्हा डबीवरचा क्रमांक त्या संस्थेकडे ताडून पाहावा. 

पाचवा नियम खरेपणाचा. साध्या तराजूवर व मापपट्टीवर अर्धी परीक्षा होते. डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर. वजनात अर्ध्या ग्रॅमहून अधिक तूट असेल आणि नाणे झिजलेले नसेल, तर संशय घ्यावा. लोहचुंबकाला चिकटले तर ते चांदीचे नव्हेच. व्यापारी डॉलरच्या नकला तर पैशाला पासरी मिळतात. कित्येकदा नकलाकारांना इतिहासच ठाऊक नसतो : व्यापारी डॉलरवर १८७३ पूर्वीचे साल दिसले, तर तराजूसुद्धा लागत नाही, नाणे खोटे! सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९३ च्या डॉलरची परीक्षा याहून नाजूक आहे. हे सर्व डॉलर दर्शनी बाजूच्या एकाच ठशाने पाडलेले आहेत आणि त्या ठशावर देवीच्या मुकुटपट्टीवरील इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या माथ्यावर एक तिरपी बारीक रेघ आहे. भिंगाखाली ती रेघ शोधतात. लाखो रुपयांचा निर्णय त्या केसाएवढ्या रेघेवर होतो.

घरात नाणे निघाले तर

पालकांनो, पेटीतून जुने नाणे निघाले तर प्रथम ते घासू नका. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांनी भांडे उजळते. नाणे मात्र मरते. शंभर-दीडशे वर्षांनी चढलेला काळसर रंग हे नाण्याचे संरक्षक कवच असते. घासल्यावर त्याची मूळ झळाळी कायमची जाते आणि किंमत चांदीच्या भावापर्यंत खाली येते. कडी बसवून दागिन्यात ओवलेल्या नाण्याचेही तसेच. परंतु तो आजीचा दागिना असेल तर तो तसाच जपावा, कारण त्याचे मोल बाजार ठरवीत नाही. नाणे कडेने धरावे, कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर ते कोणाकडून, कोठून, केव्हा आले हे लिहून ठेवावे. ही चार ओळींची नोंद पुढे नाण्याइतकीच मोलाची ठरते. मस्कतच्या नाण्याची गोष्ट हेच सांगते.

कायद्याचेही भान ठेवावे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुराणवस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता किंवा पाठविता येत नाही. आखाती देशांत ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जमिनीत धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते.

जकातीचा हिशेब करतानाही नाण्यांचा विसर पडू नये. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम धरला जातो. मॉर्गन डॉलरच्या मापाने २६ नाणी झाली की ही मर्यादा ओलांडली जाते. संग्रहातील नाण्याची किंमत चांदीने धरावी की बाजारभावाने, हे मात्र आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

विद्यार्थी मित्रहो, नाणी जमविण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. साध्या रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांवरही टांकसाळीची खूण असते : मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचे टिंब, आणि कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नाही. आज खिशात असलेल्या नाण्यांपासून वहीत नोंदी सुरू करा. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. शाळेची सहल तेथे न्यावी, असे शिक्षकांनाही सुचवावेसे वाटते. एका डॉलरमध्ये गणित आहे, रसायन आहे, भूगोल आहे आणि तीन खंडांचा इतिहास आहे.

अब्दुल मलिक यांच्या दिरहमवर गाव आणि साल कोरले गेले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. अमेरिकेत २७ कोटी डॉलर वितळले, पण नोंद न ठेवल्याने कोणते वितळले ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्या समाजातही असे कित्येक जुने कागद, वक्फाच्या सनदा, जहाजांवरील नोकरीचे दाखले, आजोबांची पत्रे पेट्यांत पडून आहेत आणि दरवर्षी थोडी थोडी रद्दीत जात आहेत. ती वाचता येणारी मुले तयार करणे हे शाळेचे काम आहे आणि ती मुलांच्या हाती पडेपर्यंत जपणे हे घराचे काम आहे. येत्या सुटीत पालकांनी मुलांसह घरातील जुनी पेटी एकदा उघडावी, जे निघेल त्याची यादी करावी आणि ती वही शाळेत आणून शिक्षकांना दाखवावी, अशी नम्र विनंती आहे.